कोंबडीची तंगडी गडद आणि छातीचं मांस पांढरं का असतं?

तंगडीत संथ आकुंचन पावणारे स्नायूतंतू बरेच असतात आणि छातीत जवळजवळ सगळे जलद तंतू, म्हणून हा रंगाचा फरक दिसतो. कोंबडी दिवसभर उभी असते, चालते, उकिरडा उकरते. असं न दमता चालणारं काम संथ तंतूंचं. त्यांना ऑक्सिजन सतत लागतो, त्यामुळे तो धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन त्यांच्यात भरपूर असतं. केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले बारीक भाग, हेही जास्त. (हा रंग रक्ताचा नव्हे, रक्त कापतानाच बहुतेक निघून गेलेलं असतं.) छातीचे स्नायू पंख हलवतात. कुत्रं अंगावर आलं की फडफडत कुंपणावर चढायचं, एवढंच त्यांचं काम. तिथले जलद तंतू ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेवर, ऑक्सिजनची वाट न बघता, जोर लावतात आणि लगेच दमतात. माणसातही हेच, फक्त सरमिसळ जास्त: पोटरीच्या आतला सोलियस स्नायू आपल्याला तासन्‌तास उभं ठेवतो, तो बहुतांशी संथ तंतूंचा.

मात्र लाल म्हणजे संथच, असं धरून चालू नका. कबुतराची छाती चांगली गडद लाल असते, तरी तिथले बहुतेक तंतू जलदच; लांब उडायचं असतं म्हणून ते ऑक्सिजनही भरपूर वापरतात. या मधल्या प्रकाराला पुस्तकांत ‘टाइप २ए’ म्हणतात, आणि तो आपल्या मांड्यांतही असतो.