‘दोन वर्षं नुसता डेटाच साफ करते आहे’

“दोन वर्षं झाली, मी नुसता डेटाच साफ करते आहे. नावावर एक पेपर नाही. करार सात महिन्यांनी संपतोय, बरोबरचे निम्मे लोक पीएचडीला लागले. माझी वाट चुकली का?”

श्रमबाजाराचं अर्थशास्त्र शिकून आंतरराष्ट्रीय धोरण-संशोधनात शिरलेल्यांकडून हा प्रश्न आमच्याकडे सल्ल्यासाठी या ना त्या शब्दांत सतत येतो. ही हकीकत अशाच एका २८ वर्षांच्या तरुणीची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मास्टर्स झाल्यावर ती एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधन विभागात कनिष्ठ अर्थतज्ज्ञ म्हणून लागली होती. वरिष्ठ सज्जन, विषय आवडीचा, तरी रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा.

तिने तीन वेगळ्या काळज्यांचं एकच गाठोडं बांधलं होतं. या कामाला किंमत आहे का, असली तर त्यावर आपलं नाव का नाही, आणि करार संपल्यावर काय. तिन्हींवर तिचं उत्तर एकच, पीएचडी.

“पीएचडीचं शेवटी बघू,” आम्ही म्हटलं. “गेल्या महिन्यात तुम्ही नेमकं काय साफ केलंत, ते आधी सांगा.”

ती अनिच्छेनेच बोलू लागली. दहा देशांच्या श्रमबल सर्वेक्षणांतून एक सामायिक तक्ता तयार करायचा होता. कुठे व्यवसायाचे कोड इस्को-०८ चे (इस्को म्हणजे व्यवसायांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण), कुठे अजून जुन्या इस्को-८८ चे, कुठे देशाचे स्वतःचेच. कुठे भारांकाचा (नमुन्यातली एक व्यक्ती किती लोकांच्या जागी धरायची, त्या आकड्याचा) रकाना तिमाहीसाठी, कुठे वर्षासाठी; तिमाहीचा भारांक तसाच वापरून चारही तिमाह्या एकत्र केल्या, तर लोकसंख्या चौपट दिसते. हे सगळं जुळवताना एका देशात महिलांचा रोजगार सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदम कोसळलेला दिसला. अहवालाच्या मसुद्यात ‘महिलांच्या रोजगारात मोठी घसरण’ हे वाक्य आधीच येऊन बसलं होतं आणि त्याखाली कारणमीमांसाही सुरू झाली होती.

तिने दोन्ही फेऱ्यांच्या प्रश्नावल्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. नव्या प्रश्नावलीत शेतीचा प्रश्न आला की लगेच पुढचा प्रश्न होता: हा माल मुख्यतः विकण्यासाठी की घरच्यांसाठी? ‘घरच्यांसाठी’ असं उत्तर दिलेली बाई रोजगाराच्या प्रश्नांतून बाहेर जात होती. कारण २०१३ साली १९ व्या आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकी परिषदेने व्याख्याच बदलली. याच परिषदेच्या १९८२ च्या ठरावानुसार घरापुरतं पिकवणारी व्यक्ती, तिच्या उत्पादनाचा घरच्या गरजांत महत्त्वाचा वाटा असेल, तर रोजगारात धरली जायची. २०१३ च्या ठरावानुसार रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम. घरापुरतं पिकवणं हे ‘काम’ आहेच, पण त्याची मोजणी वेगळ्या खात्यात.

फरक किती पडतो? समजा १,००० महिला आहेत, त्यांतल्या ६०० काही ना काही उत्पादक काम करतात आणि या ६०० पैकी २५० मुख्यतः घरापुरतं पिकवतात. जुन्या व्याख्येने रोजगाराचं लोकसंख्येशी प्रमाण ६० टक्के, नव्या व्याख्येने ३५. एकाही बाईच्या दिवसात काही बदललेलं नाही.

नशिबाने जुन्या प्रश्नावलीतही ‘विकण्यासाठी की घरासाठी’ हा प्रश्न होता, फक्त बराच मागे, शेतीच्या भागात. तिने जुनी फेरी नव्या व्याख्येने पुन्हा मोजली. घसरण जवळजवळ नाहीशी झाली. (तो प्रश्न नसता, तर आलेखात दोन्ही बिंदू रेघेने न जोडणं आणि मालिका इथे तुटते अशी खूण करणं, एवढंच प्रामाणिकपणे करता आलं असतं.) मसुद्यातून वाक्य गेलं, खालची कारणमीमांसाही गेली. वरिष्ठांचं दोन ओळींचं आभाराचं मेल आलं आणि विषय संपला.

आमच्या मते तिच्या दुखण्याचं मूळ इथे आहे. या क्षेत्रात बरंचसं चांगलं काम म्हणजे न छापलं गेलेलं चुकीचं वाक्य. छापलेलं सगळ्यांना दिसतं, अडवलेलं कोणाला दिसत नाही. पुढे ते करणाऱ्यालाही दिसेनासं होतं आणि मग ‘मी नुसता डेटाच साफ करते’ असं तोंडून निघतं.

‘साफसफाई’ आणि ‘खरं संशोधन’ अशी फूट तिच्या मनात पक्की होती. किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या घटतात का, यावरच्या सर्वांत गाजलेल्या वादाची आठवण आम्ही तिला करून दिली. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीत किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्ट-फूड दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर अशी स्वतःच पाहणी करवली, तीही मुख्यतः फोनवर. १९९४ च्या त्यांच्या पेपरला रोजगार घटल्याचा पुरावा सापडला नाही. पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या नोंदी गोळा करून उलट निष्कर्ष मांडला. मग कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदी घेऊन उत्तर दिलं. ज्या कामाला ती हलकं समजत होती, तेच या वादाच्या केंद्रस्थानी होतं: कोणाचा डेटा, कसा गोळा केलेला, काय मोजणारा. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

तिला हे ऐकून बरं वाटलं, पण बरं वाटून नाव छापलं जात नाही. म्हणून पहिलं काम ठरवलं: व्याख्या बदलल्याच्या त्या शोधावर दोन पानांचं टिपण. तिने लिहिलं अकरा पानांचं. सुरुवात व्याख्यांच्या इतिहासापासून, मग प्रतिगमनाचे (रिग्रेशनचे) तीन तक्ते, आणि मुख्य आकडा नवव्या पानावर. वरिष्ठांनी ते उघडलंसुद्धा नाही. विद्यापीठातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं टिपण असंच होतं. तिथे पुरावा आधी आणि निष्कर्ष शेवटी लिहायची सवय लागलेली असते. धोरणाच्या कामात वाचणाऱ्याला दहा मिनिटांत मंत्रालयाला उत्तर द्यायचं असतं.

दुसऱ्या खेपेला क्रम बदलला. पहिल्या ओळीत आकडा, वर्ष, वयोगट आणि फरक कशामुळे. मग दोन्ही व्याख्यांनी काढलेले दर एका छोट्या तक्त्यात, प्रत्येकाच्या शेजारी प्रमाणित त्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) आणि नमुन्यातली माणसं किती. मग कोणत्या देशांची तुलना आता करू नये, ते नावानिशी. शेवटी कोड कुठे ठेवला आहे. दर १२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, तर ती ‘३ टक्के घट’ नव्हे, ३ पर्सेंटेज पॉइंटची घट. टक्क्यांत सांगायचं तर २५ टक्के. ही गफलत चांगल्या मसुद्यांतही राहून जाते आणि बातमी होते तेव्हाच कळते.

नावाचा प्रश्न वेळेचा असतो. संस्थेच्या मुख्य अहवालावर बहुधा संस्थेचंच नाव असतं, माणसांची नावं आभारात. कनिष्ठांचं नाव यायची खरी जागा म्हणजे वर्किंग पेपर (प्राथमिक स्वरूपाचा शोधनिबंध) आणि पद्धतीचं परिशिष्ट. ते मागायचं मसुदा परीक्षणाला जाण्याआधी. मांडणी झाली की कोणी पानाला हात लावत नाही आणि तेव्हा मागणारा उगाच कुरकुरा ठरतो. तिने लिहिलेलं मेल चार वाक्यांचं होतं: हे टिपण परिशिष्ट म्हणून जाऊ शकेल, माझ्या नावाने जावं अशी विनंती आहे, अमुक तारखेला अंतिम प्रत देते, पुढच्या कामात लेखक कोण हे सुरुवातीलाच ठरवू या का? होकार दुसऱ्याच दिवशी आला. आजवर तिचं नाव कोणी मुद्दाम गाळलं नव्हतं. कोणाला सुचलंच नव्हतं.

सोबत एक नोंदवही सुरू केली, दर शुक्रवारी पंधरा मिनिटं: काय खटकलं, कसं तपासलं, निर्णय काय बदलला. मुलाखतीला ती सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण संयुक्त राष्ट्रांच्या धाटणीच्या मुलाखतीत ‘अशी वेळ आली होती तेव्हा तुम्ही काय केलंत’ असंच विचारतात. मात्र सर्वेक्षणाचा सूक्ष्म डेटा, म्हणजे एकेका व्यक्तीच्या नोंदी, कधीही गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) चढवू नये. परवाना संस्थेच्या किंवा प्रकल्पाच्या नावावर असतो, त्याचा भंग झाला तर नाव कायमचं खराब होतं. कोडसुद्धा कराराप्रमाणे सहसा संस्थेचाच. लेखी परवानगी घेऊनच बाहेर न्यावा. नमुना दाखवायचाच असेल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आयएलओस्टॅटसारख्या खुल्या तक्त्यांवर नवीन काम करावं.

मग पीएचडी. ती घेऊ नका असं आम्ही कोणालाच सांगत नाही. करार संपण्याच्या भीतीने घेऊ नका, एवढंच सांगतो. भीती सहा महिन्यांत ओसरते आणि पीएचडी पाच वर्षं राहते. तिला एक काम दिलं: दोन वर्षांच्या कामातून उरलेले, कोणी सांगितलं नाही तरी ज्यांच्या मागे लागाल असे प्रश्न लिहून आणा. तिने सात आणले. पाच अहवालांतून उचललेले होते. दोन तिचे स्वतःचे, त्यातला एक किमान वेतन वाढल्यावर नोकऱ्यांऐवजी कामाचे तास कसे बदलतात याचा. म्हणजे ओढ खरी होती. आता हिशेब वेळेचा.

कारणमीमांसेचं संशोधन करणाऱ्या विभागांत वरच्या जागांसाठी पीएचडी जवळजवळ गृहीत धरतात. सांख्यिकी, देशपातळीवरचे प्रकल्प, धोरण-सल्ला यांत तसं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात मास्टर्ससह पी-२ या पातळीच्या पदाला दोन, पी-३ ला पाच आणि पी-४ ला सात वर्षांचा अनुभव अशी साधारण अट असते. पण तरुणांसाठीची दारं वयाला बांधलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या यंग प्रोफेशनल्स परीक्षेला ३२ ची मर्यादा आहे, आणि सहभागी देशांची यादी दरवर्षी बदलते. ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसरच्या जागांना प्रायोजक सरकार पैसे देतं, म्हणून नागरिकत्वाची अट तेच ठरवतं. वय तिथेही बहुधा ३२ च्या आसपास. २८ व्या वर्षी पाच-सहा वर्षांच्या अमेरिकी पीएचडीला गेलं, तर बाहेर येईपर्यंत ही दारं बंद झालेली असतात. पीएचडीनंतर दुसरी दारं उघडतात हे खरं, पण आधी अर्ज करून मग पीएचडीचा विचार करता येतो, उलट क्रमाने नाही. हा साधा हिशेब तिने कधी मांडलाच नव्हता.

कराराबद्दल सल्ला कोरडा होता आणि तसाच असायला हवा. सहा महिने आधी वरिष्ठांना लेखी विचारायचं: माझ्या जागेचा पैसा कोणत्या प्रकल्पातून येतो आणि तो कोणत्या तारखेला संपतो? ‘तुम्ही आम्हाला हव्या आहात’ हे उत्तर नव्हे. निधीची तारीख हे उत्तर. भरतीला कित्येक महिने लागतात, म्हणून अर्ज त्याच आठवड्यात सुरू करायचे. सल्लागाराचा करार पुढे आला तर दिवसाच्या दरावर भाळायचं नाही: निवृत्तिवेतन नाही, रजा नाही, विमा बहुधा स्वतःचा, आणि दिवसांना मर्यादा. वर्ल्ड बँकेत अल्पमुदतीच्या सल्लागाराला आर्थिक वर्षात १५० दिवसच मिळतात. राहण्याचा परवाना कराराला बांधलेला असेल, तर शेवटच्या दिवसानंतर किती मुदत मिळते, ते मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यायचं.

शिफारसपत्रांसाठी तिने तिन्ही नावं मोठ्या पदांची काढली होती. त्यातली दोन बदलायला सांगितली. एक माणूस कोड पाहिलेला हवा, एक लेखन पाहिलेला. विभागप्रमुखाच्या ‘मेहनती आणि प्रामाणिक’ या चार ओळींपेक्षा, व्याख्येतला बदल हिने कसा पकडला हे सांगणारं सहकाऱ्याचं एक पान जास्त वजनदार ठरतं.

परिशिष्ट तिच्या नावाने आलं. करार वाढला, पण पाचच महिने, निधीच तेवढा होता. तेवढ्या काळात तिने दोन ठिकाणी लेखी परीक्षा दिल्या. एकीत तक्ता पाहून दीड तासात एक पान लिहायचं होतं, आणि तक्त्याच्या तळटीपेत दोन वर्षांच्या व्याख्या वेगळ्या असल्याचं बारीक अक्षरांत दिलं होतं. तिने उत्तराची सुरुवात तिथूनच केली. निकाल अजून यायचा आहे. पीएचडीचे अर्ज तिने एक वर्ष पुढे ढकलले असून कामाच्या तासांच्या प्रश्नावर तीन देशांचा डेटा जुळवायला घेतला आहे, या वेळी लेखकांची नावं पहिल्या पानावर लिहून.