मँडोपॉपमधला मंत्री

एका वाचकाचा प्रश्न : "मुलगी दिवसभर जे चौ नावाच्या तैवानी गायकाची गाणी लावते. त्यांना कुणी मँडोपॉप म्हणतं, कुणी सी-पॉप. बरोबर काय? आणि मराठीत काय म्हणावं?"

सी-पॉप म्हणजे सगळंच चिनी पॉप, मँडोपॉप म्हणजे त्यातलं मँडरिन भाषेतलं. जे चौची बहुतेक गाणी मँडरिनच आहेत, त्यामुळे तुमच्या घरापुरते दोन्ही शब्द चालतील.

आता मुद्द्याचं. ‘मँडरिन’ हा शब्द चिनी नाहीच, आपल्याकडचा आहे! संस्कृतातला मंत्रिन्. तो समुद्रापार मलाय भाषेत जाऊन ‘मंतेरी’ झाला. मलेशियाचा पंतप्रधान आजही ‘पर्दाना मंतेरी’च आहे. १५१० मध्ये गोवा घेतलेला अल्बुकर्क दुसऱ्याच वर्षी मलाय मुलखातल्या मलाक्का बंदरावर चालून गेला. त्या मुलखात पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि चिनी सरकारी अधिकाऱ्यांना चिकटवला. अधिकारी तो मँडरिन, म्हणून त्याची भाषाही मँडरिन. खुद्द चिनी लोक तिला ‘ग्वानह्वा’ म्हणत, त्याचाही अर्थ अधिकाऱ्यांची बोली.

यावर दोन पंडित हमखास उठतात. पहिला म्हणतो, पोर्तुगीज ‘मांदार’ म्हणजे हुकूम करणे, त्यातून हा शब्द आला. अहो, ‘त’चा ‘द’ होताना त्या क्रियापदाची सावली पडली असेल, पण सावलीला कुणी बाप म्हणतं का? दुसरा त्याहून थोर. तो ‘मान दा-रन’ म्हणजे ‘मांचू साहेब’ अशी फोड छातीठोकपणे करतो. मांचू म्हणजे ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य केलेले लोक. त्यांनी बीजिंग घेतलं १६४४ मध्ये आणि पोर्तुगीज त्याआधी शंभर वर्षं हा शब्द वापरत होते. कोशात डोकावण्याआधी निदान पंचांगात तरी डोकवावं.

गंमत म्हणजे आज चीनमध्ये या भाषेला ‘पुतोंगह्वा’ म्हणतात, म्हणजे सर्वसामान्य भाषा. तैवानमध्ये ती ‘ग्वोयू’, राष्ट्रभाषा. त्यांनी साहेबाला कधीच घरी बसवलं. आपण जगभर त्याला मिरवतोय.

म्हणूनच कुठलंही चिनी गाणं कानावर पडलं की "मँडरिन साँग आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. भांगड्याला कुणी लावणी म्हटलं तर चालेल का? हाँगकाँगच्या सॅम हुईनं १९७० च्या दशकात रोजच्या बोलण्यातली, बाजारातली कँटोनीज गाण्यात आणली, आणि कँटोपॉपची लाट उसळली. ती मँडरिन नव्हे. फे वाँग जन्मानं बीजिंगची, पण नाव झालं ते हाँगकाँगमध्ये कँटोनीज गाऊन. तैवानची तेरेसा तेंग मँडरिन, कँटोनीज, होक्कियन (तैवानात बोलली जाणारी आणखी एक चिनी बोली) आणि जपानीतही गायची. ‘वू त्याओ रन’ हे बँडवाले त्यांच्या हायफंग गावच्या बोलीत गातात, चेंगडूच्या ‘हायर ब्रदर्स’च्या रॅपमध्ये सिचुआनी बोली ठसक्यात येते, आणि बीजिंगचा ‘हांगगाई’ बँड गिटारीच्या जोडीला मंगोल घोडेमुंडी सारंगी आणि घशातून काढलेला घोगरा स्वर घेऊन उभा राहतो. (तो स्वर रात्री हेडफोनवर ऐकू नये. मी दचकून उठलो होतो.) यातला मंत्र्यांचा वाटा तुम्हीच मोजा.

राहिलं ‘पॉप’. त्याला चिनीत ‘लिऊशिंग’ म्हणतात : लिऊ म्हणजे वाहणं, शिंग म्हणजे चालणं. हाच शब्द रोगाच्या साथीलाही लागतो, फ्लूच्या चिनी नावात तो पहिलाच आहे. आणि आपल्याकडे? ‘साथ’ तबल्याचीही आणि तापाचीही! माझं ठाम मत आहे की दोन्ही साथी एकच, ‘सार्थ’ म्हणजे तांड्यापासून निघालेल्या. तांडा चालतो, त्याच्याबरोबर सूर चालतात आणि रोगही चालतात. एका भाषाशास्त्रज्ञ मित्रानं यावर भुवया उंचावल्या. उंचावू देत. त्याच्याकडे दुसरी व्युत्पत्ती नव्हती.

तेव्हा पॉपला मराठीत ‘साथगीत’ म्हणावं असं मी गेली काही वर्षं सुचवतोय. करोनानंतर घरचेही ऐकून घेत नाहीत. मुलीला मात्र सांगा, ती ऐकते ते मँडोपॉप म्हणजे शब्दशः मंत्र्यांची साथ.