सीएनजीचा हिशेब चुकलाय, पण त्याहून मोठी चूक विम्यात आहे

प्रश्न: वय ३८, कांदिवलीत राहतो, ऑफिसला लोकलने जातो. नऊ वर्षांची पेट्रोल गाडी (५४ हजार किमी) देऊन नवी सीएनजी घेतोय. पेट्रोल मॉडेलचं अ‍ॅव्हरेज लिटरला २०, सीएनजीचं किलोला २७. सीएनजीला ९५ हजार जास्त. शोरूममध्ये म्हणाले, एक किलो गॅस म्हणजे दीड लिटर पेट्रोल, त्यामुळे खरं अ‍ॅव्हरेज ४० आणि महिन्याला ३,२०० रुपये वाचतील. (पेट्रोल १०४, सीएनजी ८० रुपये धरलंय.) गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज, ७ वर्षं, साडेनऊ टक्के. वाचणारे ३,२०० भरायला तिथल्याच माणसाने १५ वर्षांची युलिप (विमा आणि शेअर बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) दिली, १५ टक्के सुटतील म्हणाला. पॉलिसी गेल्या आठवड्यात हातात आली. घराचं कर्ज ४६ लाख बाकी, हप्ता ४१ हजार. बायको घर सांभाळते, मुलगी सातवीत. दोन एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसींत मिळून ९ लाखांचा विमा आहे, सहा वर्षं वर्षाला ६२ हजार भरतोय. मला थोडी शुगर आहे. सीएनजीच घेऊ ना?

उत्तर: आधी शोरूमचा हिशेब. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, किलोभर सीएनजीत ४८. त्यामुळे एक किलो गॅस म्हणजे दीड लिटर पेट्रोल, हे खरं आहे. पण मग २७ ला दीडने भागायचं असतं, त्यांनी गुणलं! २७ किमी जायला दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा लागली, म्हणजे लिटरमागे १८ किमी. ऊर्जेच्या मापाने सीएनजी गाडी पेट्रोलच्या २० पेक्षा थोडी मागेच पडते. (पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, तेव्हा दीडचा आकडाही थोडा हलतो.)

मग सीएनजी स्वस्त का पडते? केवळ दरामुळे. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. त्या मापाने लिटरभर पेट्रोल म्हणजे सुमारे ९ युनिट, किलोभर गॅस १३ च्या वर. तुमच्या दरांनी पेट्रोलचं युनिट साडेअकरा रुपयांना पडतं, गॅसचं सहाला.

खिशाच्या हिशेबाला तर हे काहीच लागत नाही. १०४ भागिले २०, किलोमीटरला ५.२० रुपये. ८० भागिले २७, जेमतेम ३ रुपये. फरक सव्वादोन. शोरूमने ८० भागिले ४० करून २ रुपये काढले आणि वर महिन्याचं रनिंग १,००० किमी धरलं. तुमची गाडी नऊ वर्षांत ५४ हजार चालली, म्हणजे महिन्याला ५००. वाचतील ते ११०० रुपये. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅव्हरेज १४ आणि १९ पर्यंत घसरलं, तर १६०० वाचतील. ९५ हजार वसूल व्हायला पाच ते सात वर्षं. डिकीतली जागा आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) वेगळी.

आणि गाडीचं कर्ज? हप्ता १३ हजारांच्या वर, सात वर्षांत व्याजच तीन लाख, म्हणजे सरासरी महिन्याला साडेतीन हजार. सोळाशे वाचवायला साडेतीन हजार व्याज कशाला भरता? ५४ हजार किमी चाललेली गाडी म्हातारी झालेली नाही. ती धड असेल, तर आणखी दोन-तीन वर्षं चालवा. सीएनजी की पेट्रोल हा प्रश्न तेव्हा बघू.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत, त्याकडे येतो. तुमचं पत्र वाचताना मला गाडीची काळजी वाटली नाही, तुमच्या बायकोची आणि मुलीची वाटली. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यांच्या हाती ९ लाख आणि थोडाफार बोनस येईल. घराचा हप्ता ४१ हजार. ९ लाखांत बावीस महिने निघतात, तेही घरात एक रुपया खर्च न करता. वर्षाला ६२ हजार भरून हे संरक्षण! ज्याने या पॉलिसी विकल्या त्याने तुमचं गृहकर्ज किती, हे एकदा तरी विचारायला हवं होतं. अशा पॉलिसीत परतावाही पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपासच सुटतो.

तुम्हाला किमान दीड कोटींचा टर्म प्लॅन (बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा) हवा: ४६ लाख बँकेचे, उरलेले घरखर्चाला आणि मुलीच्या शिक्षणाला. शुगरमुळे हप्ता वाढेल. तरी तो ६२ हजारांपेक्षा बराच कमी असायला हवा. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. अर्जात शुगर, चालू गोळ्या, जुने रिपोर्ट सगळं लिहा. एजंट ‘नका लिहू, हप्ता वाढेल’ म्हणाला, तर त्याच्याकडून घेऊच नका. लपवलेल्या आजारावर क्लेम अडला, तर कंपनीशी भांडायची वेळ बायकोवर येईल.

टर्म पॉलिसी हातात पडली की मगच दोन्ही एंडोमेंट पेड-अप करा (म्हणजे पुढचे हप्ते बंद, कमी रकमेची पॉलिसी चालू). आधी नको, मध्ये एक दिवसही विम्याविना राहायचं नाही.

युलिपचे १५ टक्के विसरा. पंधरा वर्षांच्या शेअर बाजारातल्या गुंतवणुकीला मी स्वतः १० धरतो, आणि युलिपमध्ये त्यातूनही खर्च वजा होतात. मुळात जे ३,२०० तुम्ही तिथे भरणार होतात, ते वाचणारच नाहीयेत. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्यानंतर पैसे पाच वर्षं अडकतात. शोरूममधल्या माणसाला फोन करत बसू नका. याच आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर तारखेसह पोच घ्या.