लसीचं नंतर बघू, आधी सोमवार गाठा

लस न घेतल्यामुळे नोकरी गेलेल्यांची पत्रं मला अजूनही येतात आणि बहुतेकांत निम्मं पत्र लसीवरच खर्ची पडलेलं असतं. तुमचंही तसंच. खासगी कंपनीच्या गोदामात अकरा वर्षं काम केलंत. २० डिसेंबर २०२१ ला दोन डोसचं सर्टिफिकेट नाही म्हणून गेटवर अडवलं आणि ७ जानेवारी २०२२ ला 'लसीकरण धोरण न पाळल्याने सेवा समाप्त' असा मेल आला. कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी नाही. दोन्ही डोस घेतलेल्या सहकाऱ्याला त्याच सुमारास कोरोना झाला, तो मात्र नोकरीत राहिला. सुप्रीम कोर्टाने सक्ती बेकायदा ठरवली आहे, मग नोकरी आणि तीन वर्षांचा पगार मिळेल का, असं तुम्ही विचारता.

मिळेल की नाही, ते पुढे. येत्या सोमवारी, १३ जानेवारी २०२५ ला, कार्यालय बंद व्हायच्या आत तुमचा अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडे दाखल झाला पाहिजे. तो झाला नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

आज, जानेवारी २०२५ मध्ये, लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २अ प्रमाणे कामावरून काढलेला कामगार युनियनशिवाय, सरकारने विवाद पाठवायची वाट न बघता थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतो. त्याला दोन अटी आहेत. आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत सहायक कामगार आयुक्तांकडे, अर्ज करायचा आणि त्यानंतर ४५ दिवस उलटू द्यायचे. आणि न्यायालयातला अर्ज कामावरून काढल्यापासून तीन वर्षांच्या आत करायचा. साध्या हिशेबाने तुमची तीन वर्षं गेल्या महिन्यात किंवा फार तर याच आठवड्यात संपली. कंपनीचा वकील पहिल्या तारखेला हेच म्हणेल.

त्याला उत्तर आहे, आणि ते तुम्हाला महामारीनेच दिलं आहे. न्यायालयं धड चालत नव्हती म्हणून सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. हा आदेश सर्वसाधारण आणि विशेष, दोन्ही प्रकारच्या कायद्यांतल्या मुदतींना लागू आहे. गेटवर अडवलं तो दिवस धरा नाहीतर मेल आला तो, दोन्ही या वगळलेल्या काळात पडतात. म्हणून तुमचं घड्याळ १ मार्च २०२२ ला सुरू झालं आणि शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२५ ला थांबतं.

आता ४५ दिवस मागे मोजा. सोमवारी, १३ तारखेला अर्ज दिलात तर ते २७ फेब्रुवारीला पुरे होतात आणि कामगार न्यायालयात जायला २८ चा एकच दिवस उरतो. १४ ला दिलात तर तोही उरत नाही. त्या दिवशी संक्रांत आहे. सण झाल्यावर बघू म्हणालात तर कंपनीला बचाव करायची गरजच पडणार नाही. शुक्रवारी, १० तारखेला गेलात तर २५, २७ आणि २८ असे तीन दिवस हाताशी येतात (२६ ला महाशिवरात्र आहे). मी तुमच्या जागी असतो तर शुक्रवारीच गेलो असतो.

तीन वर्षं काय केलंत, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. निकाल लागायची वाट बघत होतो, असं तुम्ही लिहिता. लससक्तीबद्दलच्या जेकब पुलियेल खटल्याचा सुप्रीम कोर्टातला निकाल २ मे २०२२ ला लागला. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रारीला ९० दिवस मिळतात आणि वगळलेला काळ धरला तर ते मे अखेरपर्यंत होते. म्हणजे निकाल हातात आल्यावरही सुमारे चार आठवडे तुमच्याकडे होते. त्या कायद्यात उशीर माफ करायची सोय आहे, पण कारण सबळ लागतं, आणि 'मित्र म्हणाला आपोआप परत घेतील' याला कोणतंही न्यायालय सबळ कारण म्हणणार नाही. तो रस्ता मी धरत नाही.

त्या निकालात नेमकं काय आहे तेही बघा, कारण तुम्ही त्यावर फार भार टाकताय. कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, शरीरावरचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, हे न्यायालयाने म्हटलं. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो असं दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवली नाही, म्हणून त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेर ठरवले. तुमच्या सहकाऱ्याच्या आजारपणाचा उपयोग झालाच तर एवढ्यापुरता. पण त्याच निकालात केंद्राचं लसीकरण धोरण अवाजवी नाही, असंही म्हटलं आहे. आणि खासगी संस्थांना दिली ती निर्बंधांचा फेरविचार करण्याची सूचना. 'काढलेल्यांना परत घ्या' असा हुकूम त्यात कुठेही नाही. खासगी कंपनीविरुद्ध कलम २१ थेट कितपत चालेल, याबद्दल मी हात राखूनच बोलेन.

कंपनी राज्य सरकारच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाकडे बोट दाखवेल. तो जरूर वाचा. जिथे लोकांना येण्याचा हक्क आहे, अशी दुकानं, मॉल, आस्थापना पूर्ण लसीकरण झालेल्यांनीच चालवाव्यात, असा त्याचा रोख होता. तुमच्या गोदामात ग्राहक येत होते का? पत्रात हे एक वाक्य हवं होतं, त्याऐवजी लसीच्या दुष्परिणामांची पाच कात्रणं आहेत. तुम्ही लस घेतलीच नाहीत, मग दुष्परिणामांचा तुमच्या दाव्याशी संबंध काय? ती कात्रणं फाइलला लावू नका. लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू कमी केले. ओमायक्रॉननंतर संसर्ग रोखण्यात त्या कमी पडल्या. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि कामगार न्यायालयाला त्यांचा निवाडा करायचा नाही.

तुमची बाजू भक्कम आहे ती वेगळ्याच कारणाने: अकरा वर्षांच्या माणसाला चौकशीविना एका मेलवर काढलं. गैरवर्तन म्हणायचं तर चौकशी हवी होती. तसं म्हणायचं नसेल तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५फ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई आधी हातात पडायला हवी होती. हिशेब घेताना 'काही बाकी नाही' असं लिहून दिलंत, ते आडवं येऊ शकतं, पण एवढ्यावर दावा बुडत नाही. तुमचं पद 'सुपरवायझर' होतं, ही काळजी मला त्याहून जास्त आहे. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा प्रत्यक्षात काय काम करत होतात, यावर तुम्ही कायद्याने कामगार आहात की नाही हे ठरेल. माल मोजणं, चढवणं-उतरवणं, नोंदी ठेवणं हेच मुख्य असेल तर तसं लिहा.

पगाराचं म्हणाल तर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालात म्हटलं आहे. पण दुसरीकडे कमाई नव्हती, हे आधी तुम्ही सांगायचं असतं. तुम्ही २०२२ पासून टेम्पो चालवता. ते लपवू नका. रक्कम त्या प्रमाणात कमी होईल. शिवाय तीन वर्षांच्या ढिलाईबद्दल न्यायाधीशांनी आणखी काही कापलं तर मला नवल वाटणार नाही. निकालाला किती वर्षं लागतील ते विचारू नका. ही न्यायालयं कामगाराला लवकर न्याय मिळावा म्हणून काढली होती, एवढंच म्हणतो.

सोमवार हुकला तर सरकारने त्याच कायद्याच्या कलम १० खाली विवाद न्यायालयाकडे पाठवावा, अशी विनंती करता येते. त्याला कायद्यात वर्षांची मर्यादा लिहिलेली नाही, पण जुना, थंडावलेला विवाद पाठवायला सरकार नकार देऊ शकतं आणि मग त्या नकाराविरुद्ध उच्च न्यायालय. तिकडे जाऊ नये यासाठीच ही घाई.

वकील मिळेपर्यंत थांबू नका. अर्ज साध्या मराठीत, दीड पानात लिहा: कधी लागलो, काय काम, शेवटचा पगार, कधी आणि कसं काढलं, पूर्ण वेतनासह परत घ्यावं. सोबत तो मेल, नेमणूकपत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या जोडा. त्याच दिवशी कंपनीला मागणीपत्र स्पीड पोस्टाने आणि मेलवर पाठवा. टेबलावरचा माणूस 'तीन वर्षं झाली, घेता येत नाही' म्हणाला तर वाद घालू नका, १० जानेवारी २०२२ च्या आदेशाची प्रत पुढे करा आणि आवक खिडकीवर अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.