संघटनेत पद मिळालं, आता मागण्या करायच्या का?

प्रश्न : मी कणकवलीत कुटुंब समुपदेशक आहे. आमच्या संघटनेची जिल्हा प्रतिनिधी झालेय, पण मेंबर म्हणतात वर्कशॉप घ्या, सरकारकडे मागण्या करणं आपलं काम नाही. काय करू?

उत्तर : ताई, ते आपलंच काम आहे हो! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं स्पष्ट आहे, पण सासू-सून, नवरा-बायको एकत्र बसतात त्या सेशनचे पैसे बहुतेक वेळा घरचेच भरतात आणि मग दुसऱ्यांदा कोणी येतच नाही, हे आपण नाही बोललो तर कोण बोलणार?

एकच मागणी धरा. उदाहरणार्थ, ग्रामीण रुग्णालयात आठवडा बाजाराच्या दिवशी समुपदेशक बसावा, कारण त्या दिवशी वाडीवाडीतली माणसं तशीही गावात येतात. गावोगावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविकांना, सोबत घ्या, त्यांना घरं आतून माहीत असतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मच्छीमार कुटुंबांशी बोला, गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात तेव्हा जमिनीचे वाद निघतात, तेही निवेदनात लिहा. फक्त कोणाची केस सांगू नका, नाव बदलूनसुद्धा नको, आपल्याकडे वाडी सांगितली की घर कळतं.

वर्कशॉपही घ्याच, पण शेवटचा अर्धा तास निवेदनावर सह्यांसाठी ठेवा.