जॉर्जियाचे तीन गव्हर्नर

प्रश्न : आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, अमेरिकेत मात्र गव्हर्नर लोकच निवडतात. असे असताना जॉर्जिया राज्यात एकदा तिघांनी एकाच वेळी या पदावर दावा कसा सांगितला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अमेरिकेतील गव्हर्नर हा राज्याचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा प्रमुख असतो, म्हणून त्याची तुलना आपल्या राज्यपालांपेक्षा मुख्यमंत्र्यांशी करणे अधिक योग्य ठरेल. जॉर्जियात हे पद १८२५ पासून थेट जनतेच्या मतांनी भरले जाऊ लागले. त्याआधी निवड विधिमंडळ करीत असे. विधिमंडळाचा हात मात्र पुरता सुटला नव्हता. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांतून एकाची निवड विधिमंडळाने करावी, अशी तरतूद राज्यघटनेत राहिली होती.

१९४६ साली यूजीन टॅल्मेज हे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते. त्या काळी तेथे रिपब्लिकन पक्षाचे बळ नगण्य असल्याने पक्षांतर्गत निवडणूक जिंकणे म्हणजेच गव्हर्नर होणे होते. नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले, पण शपथ घेण्याआधीच २१ डिसेंबरला वारले. त्यांची प्रकृती ढासळलेली पाहून समर्थकांनी काही मतपत्रिकांवर त्यांचे पुत्र हर्मन यांचे नाव हाताने लिहविले होते. तरीही अशा हाताने लिहिलेल्या नावांच्या पहिल्या मोजणीत हर्मन इतरांच्या मागेच पडले. मग टॅल्मेज कुटुंबाच्या टेलफेअर काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ५८ मते ‘सापडली’ आणि ते पुढे गेले. पुढे एका पत्रकाराने त्या मतदारयादीचा छडा लावला, तेव्हा मतदारांची नावे वर्णानुक्रमाने नोंदलेली आणि त्यांतील काही जण मृत असल्याचे उघड झाले. मेलेल्या माणसाच्या नावावर मत नोंदवणे हा जिवंत मतदारांचा घोर अपमान आहे, असे मी मानतो.

विजयी उमेदवारच हयात नसल्याने, वरील तरतुदीचा आधार घेऊन जानेवारी १९४७ मध्ये विधिमंडळाने हर्मन यांना निवडले. मावळते गव्हर्नर एलिस अर्नॉल यांनी मात्र ही निवड बेकायदा ठरवून पद सोडण्यास नकार दिला, तेव्हा हर्मन यांच्या माणसांनी गव्हर्नरच्या कार्यालयाची कुलुपे बदलली. नव्या राज्यघटनेनुसार प्रथमच निवडून आलेले उपगव्हर्नर मेल्विन थॉम्पसन हे तिसरे दावेदार. व्हीलचेअरवर बसणारे राज्यसचिव बेन फोर्टसन यांनी राज्याची मुद्रा कोणाच्याच हाती लागू नये म्हणून ती खुर्चीच्या गादीखाली दडवली आणि स्वतः तिच्यावर बसून राहिले. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन यांच्या बाजूने निकाल दिला. १९४८ च्या विशेष निवडणुकीत मात्र हर्मन जिंकले.

प्रश्न : पक्षांतर्गत निवडणुकीत तरी यूजीन टॅल्मेज यांना सर्वाधिक मते होती का?

उत्तर : नव्हती. प्रतिस्पर्धी जेम्स कार्मायकल यांना सुमारे १६ हजार मते अधिक मिळाली होती. पण तेथे मतांऐवजी काउंट्यांचे ‘युनिट’ मोजले जात; काउंटीत जो पुढे असेल त्याला तिचे सर्व युनिट मिळत. १५९ काउंट्यांपैकी सर्वांत मोठ्या आठांना प्रत्येकी ६, पुढच्या तीसांना ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना २ युनिट असत. १९६० च्या जनगणनेत अटलांटाच्या फुल्टन काउंटीची लोकसंख्या साडेपाच लाखांवर होती आणि एकोल्सची दोन हजारांहूनही कमी, पण युनिटांत फरक केवळ सहास दोनाचा. न्यायालयाच्या निकालाने १९४६ मध्येच कृष्णवर्णीयांना पक्षांतर्गत मतदान खुले झाले होते, आणि केवळ गोऱ्यांचे मतदान परत आणण्याचे आश्वासन देणारे टॅल्मेज याच युनिटांच्या बळावर जिंकले. ही पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली रद्द केली.

विधिमंडळाचा अधिकार मात्र तेव्हाही शिल्लक राहिला. १९६६ मध्ये रिपब्लिकन बो कॅलावे सुमारे तीन हजार मतांनी पुढे होते, पण कोणालाच बहुमत नव्हते. विधिमंडळाने दुसऱ्या क्रमांकावरील डेमोक्रॅट लेस्टर मॅडॉक्स यांना गव्हर्नर केले; स्वतःच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय ग्राहकांना प्रवेश नाकारणारे ते हेच. त्यानंतर घटना बदलून, बहुमत न मिळाल्यास पहिल्या दोघांत जनतेनेच पुन्हा मतदान करावे, असा नियम करण्यात आला.