गुहागरजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, घर आहे, डिसेंबरात लॉन पिवळं पडलंय. होळीपर्यंत कापणं बंद ठेवू का?

बंद नका करू, कमी करा. थंडीत लॉनला झोपू द्या, वरून थंडीतही हिरवं राहणाऱ्या राय गवताचं बी पेरा, हे सल्ले कडाक्याच्या थंडीच्या मुलखातले. आपल्या किनाऱ्यावर रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. तेवढ्यानं हरळीची किंवा मेक्सिकन गवताची वाढ फक्त मंदावते. तुमचं लॉन बहुधा तहानेनं पिवळं पडलंय. पाऊस ऑक्टोबरात संपला आणि जांभ्यावरची वीतभर माती ओल धरत नाही.

खात्री करायची तर लॉनवर चालून मागे बघा. पावलांचे ठसे तसेच राहिले तर पाणी कमी पडतंय. नाण्याएवढे वाळक्या रंगाचे गोल डाग दिसले तर बुरशी. संध्याकाळी पाणी मारत असाल तर ते आधी थांबवा, रात्रभर दव असतंच. आणि नुसती टोकं फाटून पांढरट झाली असतील तर मशीनचं पातं बोथट आहे, धार लावून आणा. माळीबुवा यातल्या प्रत्येकावर युरिया सुचवतील. जानेवारी सरेपर्यंत नको.

पाणी सकाळी, आठवड्याला साधारण १ इंच, पण दोन-तीन वेळा विभागून. रिकामा डबा मध्ये ठेवला की मोजता येतं.

पावसाळ्यात दर आठवड्याला कापत होतात ना, आता पंधरा-वीस दिवसांनी कापा, तेही दव वाळल्यावर आणि मशीन एक खाच वर घेऊन. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त छाटू नका. फणसाची पानं साचू देऊ नका, खालचं गवत कुजतं.

मात्र खरी अडचण थंडीनंतरची आहे. १ गुंठ्याला १ इंच म्हणजे २,५०० लिटर पाणी, दर आठवड्याला! एप्रिलात सड्यावर प्यायच्या पाण्याचे हाल असतात, तेव्हा हिरवळीसाठी टँकर मागवणं मला तरी पटत नाही. शिवाय खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी आलं तर टोकं करपतील ती वेगळीच. ओटीसमोरचा तुकडा तेवढा जगवा. बाकी हरळी असेल तर खुशाल सुकू द्या, मृगाच्या पावसात मुळापासून पुन्हा फुटते. मेक्सिकन असेल तर त्याला मधूनमधून पाणी द्यावंच लागेल.